कूलरसमोरची जागा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात मी जवळजवळ रोज खोटे गुण दिले, आणि ते एवढ्यासाठी दिले की दुपारी मला कूलरसमोर झोपायला मिळावं.

कोणी म्हणेल, एवढंच ना. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच म्हणत आलो. पण ज्याने मे महिन्यात फैजपूरच्या बाजूला पत्र्याखाली दुपार काढली आहे तो असं म्हणणार नाही, आणि ज्यांच्यावर ती दुपार माझ्यामुळे आली ते तर नाहीच म्हणणार.

मी जळगावला एका शाळेत चित्रकला शिकवतो. या गोष्टीला बारा-पंधरा वर्षं झाली असतील. फैजपूरजवळ केळीच्या बागांमध्ये एक निवासी शाळा होती, सुट्टीत रिकामी पडायची. तिथे जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलांचं शिबिर भरायचं. चालवायचे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे आबा म्हणत. पहाटे उठवलं की माणूस सुधारतो, अशी आबांची खात्री होती. आम्हा शिक्षकांनाही ते पहाटेच उठवत, पण आमच्यात काही फरक पडलेला मी पाहिला नाही.

उठल्यावर प्रार्थना, मग धावणं, मग श्रमदान. श्रमदान म्हणजे आवारातले दगड विहिरीजवळून उचलून फाटकापाशी नेणं. मागच्या वर्षीच्या मुलांनी ते फाटकापासून विहिरीजवळ नेले होते. मग पोहे, गाणी, माझं कागदकाम, नाटकाची तालीम. नाटकात त्या वर्षी केळीच्या बागेत शिरलेला बिबट्या होता, कारण त्या भागात दर दोन दिवसांनी कोणालातरी बिबट्या दिसलेला असायचा. ऊन चढलं की बाहेर पाय ठेवायची सोय नसे. जेवण व्हायचं, आणि मग ती दुपार सुरू व्हायची.

मुलगे एका लांबलचक पत्र्याच्या हॉलमध्ये झोपत. चार गट होते, चार नद्यांच्या नावांचे: तापी, गिरणा, वाघूर आणि पांझरा. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक. माझ्याकडे गिरणा. आणि एवढ्या हॉलला कूलर एकच. तो एका मंडपवाल्याने दिला होता. लग्नात वरपक्षाकडे तोंड करून ठेवतात तसला लोखंडी, माणसाच्या छातीएवढा. चालू झाला की डाळमिल सुरू झाल्यासारखा आवाज. आवाज सगळ्यांना मिळायचा, वारा मात्र एकाच गटाला पुरायचा.

त्यावर आबांनी नियम काढला. जेवणाआधी रोज स्वच्छतेची पाहणी होईल. जो गट पहिला, तो त्या दुपारी कूलरसमोर गाद्या टाकेल. जो शेवटचा, तो कूलरमध्ये पाणी भरेल. आणि पाहणी कोण करणार, तर मी.

"चित्रकलेचा माणूस आहे," आबा म्हणाले. "नजर बारीक असते."

वाघूर गटाचे पीटीचे सर म्हणाले, "आबा, पण ह्यांचा स्वतःचाच गट आहे की त्यात."

"शिक्षक आहेत ते," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

पहिल्या दिवशी मी प्रामाणिक होतो. तापी गट पहिला आला. मी माझ्या गिरणाच्या मुलांबरोबर टोकाला, पत्र्याच्या उताराखाली आडवा झालो. माझं शरीर आधीच वजनदार. उशी भिजली, गादी भिजली, पंखा वरून गरम हवा ढकलत होता. डोळा लागला नाही. पलीकडे तापीचे सर वाळ्याच्या थंड वाऱ्यात घोरत होते. मला त्यांचा राग यायला लागला. वास्तविक त्यांनी माझं काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत स्वच्छ गट होता पांझरा. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. त्यांचा गटप्रमुख सातवीतला मुलगा होता, धुळ्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावचा. बारीक अंगाचा आणि फार गंभीर. त्याच्याबरोबर त्याचा तिसरीतला धाकटा भाऊ होता, पहिल्यांदाच घराबाहेर आलेला. धाकट्याच्या पाठीवर घामोळं आलं होतं. दुपारी तो खाजवत बसायचा आणि रडक्या आवाजात म्हणायचा, "घर जासू." थोरला त्याला उद्याच्या वायद्यावर समजवायचा, "सकाय आपन कूलरमोरे निजसूत. रडू नको." बापाने सांगून ठेवलं होतं म्हणे, लहान्याचा जीव रमला नाही तर मी येऊन घेऊन जाईन.

हे सगळं मला ऐकू येत होतं. मी पहिला नंबर गिरणाला दिला.

फळ्यावर गुण लिहून मी वळलो तर थोरला समोर उभा. "सर, आमनं काय चुकनं?"

"चादरीच्या घड्या," मी म्हणालो. "कडा जुळल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्या चादरींच्या कडा अशा जुळलेल्या होत्या, की इस्त्रीवाल्याने येऊन पाहाव्यात. मग मी ओले टॉवेल काढले. त्यांनी टॉवेल वाळवले. मी चपलांवर बोट ठेवलं. त्यांनी चपला मोठीपासून लहानीपर्यंत रांगेत लावल्या, शेवटी धाकट्याची निळी स्लिपर. तो पुन्हा समोर आला.

"आते काय राह्यनं सर?"

मी इकडे तिकडे पाहिलं. राहिलं काहीच नव्हतं. "एकंदर परिणाम," मी म्हणालो.

"ते काय ऱ्हास?"

मग एकंदर परिणाम म्हणजे काय, हे सांगताना मी त्याला चित्रातल्या समतोलाबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगितलं. माझ्या वर्गात कोणी इतकं लक्ष देऊन ऐकलेलं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाद्या चादरींच्या रंगांप्रमाणे लावल्या होत्या, गडद भिंतीकडे आणि फिका दाराकडे. मी सुटकेसच्या मुठी वेगवेगळ्या दिशांना आहेत म्हणून अर्धा गुण कापला.

रोज त्यांना दुसरा नंबर देत होतो. शेवटचा द्यायला मन धजेना. त्यांनी पाणी भरावं हे बरोबर दिसलं नसतं. दुसरा दिला की आपण न्यायाने वागलो असं मला वाटायचं.

इकडे माझा गिरणा गट. त्यातल्या एकाच्या गादीखाली केळ्यांची सालं निघाली तेव्हा मी चादर जरा पुढे ओढली, आणि पुढे सरकलो. गंमत अशी की त्या मुलांना खरंच वाटायला लागलं आपण स्वच्छ आहोत. एका सकाळी आबांनी त्यांच्यातल्या एकाला, जळगावच्या एका सराफाच्या मुलाला, प्रार्थनेनंतर उभं केलं आणि विचारलं, "सांग बाळ, तुमच्या यशाचं कारण काय?"

तो छाती काढून म्हणाला, "आम्ही मनातून स्वच्छ असतो."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर पांझराची दोन मुलं त्याची गादी बघायला आली, काही शिकण्यासारखं आहे का म्हणून. एकाने नाक दाबून म्हटलं, "हाऊ ते आंग बी धोस नही."

थोरला त्याच्यावर डाफरला. "गप ऱ्हाय. तो मनमातून साफ शे."

पीटीच्या सरांना मात्र वास आला असावा. जेवताना ताटात पाहतच म्हणाले, "कलाकार, तुमच्या गटाला भलतंच वारं लागलंय हो." मी वरण वाढून घेतलं.

एके दिवशी तर पांझराची पोरं न सांगता बादल्या घेऊन आली आणि कूलरची टाकी काठोकाठ भरून मोकळी झाली. थोरला म्हणाला, "सर, पानी भरी टाकं. येना गुन शेत का?"

"बघू," मी म्हणालो. टाकी भरलेली असल्यामुळे त्या दुपारी वारा अगदी सुरेख लागला.

शिबिर संपायच्या आदल्या सकाळी तो माझ्याकडे कागदकामाच्या वेळी आला. भाऊ बाजूला बिबट्याचा मुखवटा तोंडावर धरून बसला होता. नाटकातला बिबट्या तोच होता, मुखवटा मी केला होता. थोरला हळू आवाजात म्हणाला, "सर, आज कूलर भेटना ते तो ऱ्हाई. नही ते बाबा दुपारले लेवाले येवाव शेत."

म्हणजे कूलर नाही मिळाला तर बाप धाकट्याला घेऊन जाणार, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पाहणी केली. ठरवून गेलो होतो, आज पांझरा. त्यांच्या गाद्यांपाशी उभा राहिलो तेव्हा ती मुलं श्वास रोखून उभी होती. मग फळ्यापाशी आलो. सवयीने गिरणासमोर पावणेदहा लिहून गेलो होतो. पांझराला दहा लिहायचे. खडू फळ्याला टेकला, वरून पत्रा कडकड वाजला, ऊन धरलं की वाजतो तसा. मी साडेनऊ लिहिले. फळ्यावर खाडाखोड बरी दिसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खाडाखोड करायची गरजच नव्हती, दहा लिहिले असते तरी भागलं असतं, हे मला जेवताना कळलं.

थोरला त्या दिवशी फळ्यापाशी आला नाही, भावाची पिशवी भरायला बसला.

आम्ही कूलरसमोर गाद्या टाकल्या, मी आडवा झालो, डोळे मिटले, आणि लाइट गेली. डाळमिल थांबली. संध्याकाळपर्यंत लाइट आली नाही. चारी नद्या सारख्याच भिजल्या. त्या दुपारी कूलर पांझराला दिला असता तर माझं काहीही गेलं नसतं, आणि धाकटा कदाचित लाइटीची वाट बघत थांबला असता.

बाप मोटारसायकलवर आला. आमच्याशी नीट बोलला, चहा घेतला, लहान्याला पेट्रोलच्या टाकीवर बसवलं. त्याच्या हातात मुखवटा तसाच होता. परत मागायचं कोणाला सुचलं नाही. केळीच्या बागांमधून मोटारसायकल गेली तेव्हा टाकीवर बिबट्या बसला होता आणि तो खाजवत होता. दुसऱ्या दिवशी नाटकात सराफाच्या मुलाला तोंडाला हळद फासून बिबट्या केलं. तो मनातून बिबट्या नव्हता.

समारोपाला पालक आले, वरण-बट्टी झाली, घोटलेली वांग्याची भाजी झाली. स्वच्छतेची ढाल गिरणाला मिळाली. बारीक नजरेबद्दल माझा टॉवेल-टोपी देऊन सत्कार झाला. थोरला पाया पडायला आला आणि काहीतरी उमगल्यासारखा म्हणाला, "सर, एकंदर परिणाम आते समजना."

त्यानंतर मी शिबिराला गेलो नाही. आबा बोलवायचे, मी तब्येतीचं कारण सांगायचो.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला एका लग्नाला गेलो असताना माझा मुतखडा उठला. साडूंनी मला एका दवाखान्यात नेऊन टाकलं. इंजेक्शनने कळ जरा थांबल्यावर मी इकडे तिकडे पाहिलं. सगळ्या खाटांखाली पेशंटच्या आणि नातेवाइकांच्या चपला लावलेल्या होत्या, मोठीपासून लहानीपर्यंत. मी चादर तोंडापर्यंत ओढून घेतली.

वॉर्डाचे ब्रदर आले. आता भरलेल्या अंगाचे, चष्मा लावणारे, पण तितकेच गंभीर. त्यांनी माझ्या चादरीची कड ओढून सरळ केली, कागदावरचं नाव वाचलं, आणि थांबले.

"सर, तुम्ही?"

मग त्यांनी दोन्ही नर्सबाईंना बोलावून घेतलं. "हे माझे सर. मला शिस्त यांनी लावली. एकदाही पहिला नंबर दिला नाही, म्हणून शिकलो."

"एकदाही नाही?" एक नर्सबाई म्हणाल्या.

"एकदाही नाही. अर्ध्या गुणाने राहायचो." हे ते अभिमानाने सांगत होते.

मी धाकट्याची चौकशी केली. तो शिरपूरला टेम्पो चालवतो. बिबट्याचं तोंड अजून घरात भिंतीवर टांगलेलं आहे. "शिबिराचं नाव काढलं की अजून म्हणतो, एक दिवस जास्त थांबलो असतो तर कूलर मिळाला असता."

मी म्हणालो, "अरे, मला तुला एक सांगायचं आहे."

"नंतर सांगा, आधी आराम करा. तुम्हाला उकाडा सोसत नाही, मला माहीत आहे ना. शिबिरात वारा लागला की कसे शांत झोपायचात." असं म्हणून ते वॉर्डाच्या मधोमध गेले. तिथे कूलर होता आणि त्याच्यासमोरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ निवांत पडले होते.

"नाना, तुम्ही जरा त्या खाटेवर या."

"का भाऊ? मी काय केलं?"

"तुमचा टॉवेल ओला आहे."

नाना टॉवेल चाचपत माझ्या जागेवर आले. ब्रदरांनी मला धरून कूलरसमोर नेलं. मी नको नको म्हणालो, पण फार मोठ्याने नाही. सांगायचंच होतं, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वारा लागला. मला झोप लागली. जागा झालो तेव्हा त्यांची ड्यूटी संपली होती, आणि दुसऱ्या दिवशी खडा पडून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून पांझरा गट रोज पहिला होता, हे मला त्याला तोंडावर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही. आणि त्या दोघा भावांची एक दुपार माझ्याकडे राहिली आहे.