जस्ताचा मुलामा

ह्यांच्या पायाला कारखान्यात पत्र्याची कड लागली तेव्हा आम्ही दोघांनीही फारसं मनावर घेतलं नाही. हे वागळे इस्टेटमध्ये गॅल्व्हनायझिंगच्या कामाला होते. वितळलेल्या जस्ताच्या कढईत लोखंडी पाइप बुडवून काढायचे. कापणं-भाजणं रोजचंच. पण ही जखम महिना उलटला तरी भरेना, आणि नौपाड्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, शुगर फार आहे, अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी नोकरी करून दोन-दोन स्वयंपाक करणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मधुमेह ह्यांना झाला आणि पथ्य सगळ्या घराने पाळलं. बिनसाखरेचा चहा पिऊन पिऊन माझं तोंड कायमचं कडू झालं.

डॉक्टरांनी शुगरच्या गोळीबरोबर झिंकचीही गोळी दिली. ह्यांनी विचारलं, "झिंक म्हणजे आमचं जस्तच ना?"

डॉक्टर खुलले. "तेच. रक्तात साखर वाढली की शरीर आतून गंजतं, असं समजा. तुमच्यात जस्त कमी असेल तर ह्या गोळीने जखम भरायला थोडी मदत होईल. पण थोडीच हं. खरं काम शुगरच्या गोळीचं आणि पथ्याचं."

'थोडीच' ह्यांच्या कानात शिरलंच नाही. घरी येताना रिक्षात मला समजावत होते, "अगं, जस्त चढवलेला पाइप चिखलात टाक, पाण्यात टाक, काही होत नाही त्याला." उभा जन्म लोखंडाला जस्त चढवण्यात गेलेला माणूस. गंजाचं बोललं की त्याला पटणारच. गोळी कधी चुकवली नाही. शुगर मात्र उतरेना.

एका रविवारी जखम पुसता पुसता माझा तोल गेला. "चोरून खाता काय हो काही?"

"चोरून कशाला? कारखान्यातला गूळ खातो."

कढईचा धूर छातीत गेला की ताप भरतो, म्हणून कढईवरच्या माणसांना रोज दुपारी गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की धूर बाधत नाही, ही तिथली पक्की समजूत. हे इतकी वर्षं खात होते आणि ते पथ्यात मोडतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. वर मलाच म्हणाले, "आता आतून जस्त चढवलंय की! एवढ्याशा गुळाने काय गंजतंय?"

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, मला कळेना. गूळ सोडा म्हटलं तर म्हणे, "गुळाशिवाय कढईवर कुणी उभं राहत नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कारखान्याच्या गेटवर गेले. फोरमन बाहेर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, गूळ बंद करतो, पण मग त्याला कढईवरून काढावं लागेल. तिथला सगळ्यात जुना माणूस आहे तो. बघा."

"काढा," मी म्हटलं. विचार करायलाही थांबले नाही. आजही थांबणार नाही.

ह्यांना मागच्या यार्डात बसवलं, तयार पाइपांवर रंगाने खुणा करायला. शुगर हळूहळू खाली आली, जखम कडेने भरत आली. हे घरी येऊन मुकाट्याने जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून निजायचे. मी गेटवर गेले होते हे त्यांना कळलं होतं. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला.

शेवटची पट्टी सोडताना डॉक्टर खूश होते. "वहिनींनी पाय वाचवला तुमचा," ते म्हणाले.

ह्यांनी पाऊल जमिनीवर टेकवून पाहिलं. "वाचवला हो," ते म्हणाले, "पण उभं राहायची जागा गेली माझी."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खाली वाकून ह्यांच्या चपला त्यांच्या पुढ्यात सरळ करून ठेवल्या.