दुसरी पेटी

“आन् ह्येच झोपलं तर?”

कुठलंही नवं यंत्र दाखवलं की आमचे फोरमन आधी हेच विचारत. एका लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्यालाही त्यांनी हे विचारलेलं मी ऐकलं आहे. त्या बिचाऱ्याने सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या.

सत्तरच्या दशकात सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या एका साखर कारखान्यात मी नवा इंजिनिअर होतो. बॉयलरवरची मापयंत्रं हे फोरमन सांभाळत. फौजेत नोकरी करून आलेले. गाव जवळच, घरचा ऊस आमच्याच कारखान्याला येई.

नवा बॉयलर बसत होता. त्यातलं पाणी फार खाली गेलं की जळण आपोआप तोडणारी एक पेटी घ्यायची होती. पुण्याहून आलेल्या विक्रेत्याने छान पेटी दाखवली. फोरमननी नेहमीचा प्रश्न विचारला. विक्रेता हसला. “झोपणार नाही,” म्हणाला.

“झोपली तर पानी सरल्यालं कुनाला कळायचं न्हाई, आन् नळ्या फुटतील. दोन घ्या. त्या बी एका कंपनीच्या नकोत. एक ज्या कारनानं चुकंल, त्याच कारनानं दुसरी चुकंल.”

चीफ इंजिनिअरांनी कुरकुरत होकार दिला. दोन पेट्या बसल्या. दोन्हींपैकी एकीनेही धोका सांगितला की बॉयलर बंद.

हंगाम सुरू झाला आणि पाणी भरपूर असतानाही दुसरी पेटी बॉयलर बंद करू लागली. गाळप सारखं थांबायचं. बैलगाड्यांची रांग हमरस्त्यापर्यंत गेली. तोडलेला ऊस वाळला की वजनाला किती मार खातो, हे तुम्हाला सांगायला नको. त्या रांगेत फोरमनच्या थोरल्या भावाचीही गाडी होती.

एका दुपारी तो बॉयलर हाउसच्या दारात येऊन उभा राहिला. मी तिथेच होतो.

“त्या पेटीची एक वायर काढली की भागतंय म्हनत्यात. खरं हाय?”

“व्हय.”

“मग काढ की रं.”

“दादा, तुजा ऊस वाळतोय, कळतंय मला. पन हितं खाली मानसं काम करत्यात.”

“रांगेतली लोकं मला बोलत्यात.”

“बोलू दे.”

भाऊ रांगेकडे परत गेला. फोरमन पुन्हा पेटी उघडून बसले. समोरचा चहा तसाच निवला.

दोष दुसऱ्या दिवशी सापडला. वायर आत शिरते त्या भोकातून वाफ जाऊन आतले विजेचे कॉन्टॅक्ट ओले होत होते. फोरमननी भोक बुजवलं आणि पेटी गप्प झाली. भाऊ मात्र त्या वर्षी यात्रेला त्यांना जेवायला बोलवायला आला नाही. मी एकदा विषय काढला.

“त्याचं बी बराबर हाय,” एवढंच म्हणाले.

पहिली पेटी कधीच बिघडली नाही. दुसरी उगाच बसवली, म्हणून चीफ इंजिनिअर चेष्टा करत. फोरमन त्यावर मनापासून हसत.

उन्हाळ्यात, कारखाना बंद असताना, ते थोड्याच दिवसांच्या आजाराने गेले.

पुढच्या हंगामात त्यांचा भाऊ मला शोधत आला. “सायेब, त्याची ती पेटी जरा दावा.”

मी त्याला वर नेलं. भिंतीवरची राखाडी लोखंडी पेटी दाखवली.

“एवढीच व्हय?” तो म्हणाला.

मग तिथल्याच बाकावर तिच्याकडे बघत बसला. खाली त्याच्या गाडीचा नंबर पुकारला, तसा तो उठला आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरला.