पडलेल्यांची पंगत

घाटातून आगगाडी धावू लागली आणि खालापूरच्या धर्मशाळेत उतरायला वाटसरू उरला नाही. तेव्हा मुंबईच्या कुणा दात्याने ती रिकामी इमारत निराधार म्हाताऱ्यांना दिली आणि त्यांचा भात शिजवायला, पाणी भरायला मला ठेवलं. माझ्या भाताचा वास माथेरानपर्यंत जाई आणि तिथले साहेब पुढ्यातला पाव बाजूला सारत. खोटं वाटत असेल त्याने माथेरानला जाऊन विचारावं. मी गेलेलो नाही.

सतरा माणसं होती. त्यांत चौक गावाकडची एक आजी होती, डोळ्यांनी अधू, पण जीभ कोयत्यासारखी. श्रावणात माझ्या ध्यानात आलं, की सकाळी तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असतो. तिचे ओठ भेगाळले, उठताना घेरी येऊ लागली. वैद्यबुवा येऊन पित्त म्हणून गेले. ही अशीच आणखी चार दिवस राहिली तर हातची जाईल, एवढं कळायला मला वैद्य नको होता.

मी विचारलं, "आजी, पाण्याला वास येतो काय?"

"पानी चांगलं हाय रं. पन प्यालं का परसाकडं जावं लागतं. आन परसाकडं जायचं म्हंजे त्या पायऱ्या."

मागच्या दाराला सात दगडी पायऱ्या होत्या. पावसाळ्यात त्यांवर असं शेवाळ धरी, की माशी बसली तर थेट पाताळगंगा नदीत जाऊन पडे. धरायला काही नव्हतं.

"मी नेतो की हाताला धरून."

"आन भात कोन शिजवील? सतरा जनांना दिसभर परसाकडं नेत बसशील?" मग तिने आवाज खाली केला. "दोनदा पडले रं. कुनाला बोलू नको. पडवीत टाकतील."

गोठ्याला लागून एक पडवी होती. ज्याला चालवत नाही त्याला तिथे नेत. तिकडे गेलेला माणूस पुन्हा पंगतीत बसलेला मी पाहिला नव्हता. म्हणून पडलं तरी कुणी बोलत नसे. कंबर दुखली तर हवा लागली म्हणत.

मी धर्मशाळेच्या कारभाऱ्यांकडे गेलो आणि पायऱ्यांच्या कडेला हाताला धरायला बांबू मागितला.

ते म्हणाले, "इतक्या वर्षांत इथे एक माणूस पडलेला नाही. दात्याची माणसं बघायला येतात. बांबू दिसला की म्हणतील, इथे म्हातारे पडतात."

"पडतात की."

"कोण पडलं, नाव सांग."

नाव कसं सांगणार? परतलो, पण बांबू बांधल्याशिवाय राहायचं नाही हे मनाशी ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी कारभारी रोजच्यासारखे पंगतीला बसले होते. भात वाढता वाढता मी मोठ्याने विचारलं, "मागच्या पायऱ्यांवर कोण कोण पडलंय?" कालवणारे हात थांबले. तेव्हा मी पातेलं खाली ठेवलं.

"मग मीच सांगतो. मी तीनदा पडलो. पहिल्यांदा पाय सुटला तो सातही पायऱ्या बसून उतरलो, आवार ओलांडलं आणि रस्त्यावर पुण्याच्या एका बैलगाडीला मागे टाकलं. गाडीवान म्हणाला, 'जरा कडंनं जा रं.'"

रेल्वेचे बोगदे फोडताना एक पाय गमावलेला एक म्हातारा होता, तो खुसखुसला. "ह्ये काय पडनं म्हनायचं? सुरुंगानं मला उडवला तवा लागलं नाय, तेवढं त्या चौथ्या पायरीवर लागलं. पाय एकच. घसरला तर सावरू कशावर?"

"चौथी कसली, पाचवी वंगाळ," पलीकडून कुणी म्हणालं. मग एक तीनदा पडलेला निघाला, एक पाचदा. त्यातला एखादा आकडा माझ्या शाळेत शिकलेला असेल, पण गुडघ्यांवरचे वण खरे होते. शेवटी आजीही बोलली, "मी दोनदा."

मी कारभाऱ्यांकडे वळलो. "पडेल तो पडवीत असा इथला नेम ना? मग जेवण झाल्यावर पंगतच्या पंगत पडवीत नेतो. पहिला मी. उद्यापासून भात तुम्ही टाका."

कारभाऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाले, "गेल्या भादव्यात मी पण आपटलो होतो."

"मंग या तुमी बी आमच्यासंगं," आजी म्हणाली.

त्याच दुपारी बांबू तोडला. मी राखेने आणि काथ्याने शेवाळ खरवडून काढलं. घाटात बांबूच्या परांच्या बांधलेला एका पायाचा म्हातारा वर बसून गाठी सांगत होता आणि कारभारी खाली खांब धरून भिजत होते.

"ढिली हाय गाठ," म्हातारा म्हणे, आणि कारभारी मुकाट्याने पुन्हा आवळत.

संध्याकाळी आजीने तांब्या तोंडाला लावला तो तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही. थोड्या वेळाने ती उठली, बांबू चाचपला, दोनदा हिसकून पाहिला आणि उतरू लागली. मी दोन पायऱ्या खाली हात पसरून उभा.

"बाजूला हो रं," ती म्हणाली, "वाट नको अडवू."