चार कड्या सैल

चांगल्या सायकलची चेन मी बिघडवली, तीही दुरुस्त करायला म्हणून, आणि तेव्हापासून पिकल्या सीताफळाचा गोड, किंचित आंबूस वास आला की माझी मान आपोआप खाली जाते. सायकल माझ्या नातीची, गार्गीची. कार्तिकातली दुपार होती. गारखेड्यातल्या आमच्या गॅलरीत उन्हाचा तिरपा पट्टा जाळीतून आत येऊन सायकलच्या दात्यांवर लकाकत होता. ती क्लासला गेली होती, आणि तुळशीला पाणी घालायला गेलेल्या मला, कुणी बोलावलेलं नसताना, त्या चेनला बोट लावायची बुद्धी झाली. चेन बोटाखाली वर-खाली हलली. सैल होती. मला सैल काही बघवत नाही.

ही सायकल डांबरी रस्त्यावर समाधान मानणारी नव्हे; मुरूम, खडी, शेताच्या कडेची गाडीवाट अशा ठिकाणी हिंडण्यासाठीच तिचा जन्म. गार्गीनं ती सुटे भाग जमवून स्वतःच्या हातानं जुळवली होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, येता-जाता म्हणायचा, "दुकानात दे, तुला नाय जमायचं ते," आणि ती आणखी एक स्क्रू आवळायची. पुढं दात्यांची एकच चकती, मागं बशीएवढ्या लहानीपासून ताटलीएवढ्या मोठीपर्यंत चकत्यांची उतरंड. "पुढची जागची हलत नाही आजी, म्हणून चढ-उतार सगळा मागच्यांनी सांभाळायचा," असं तिनं मला समजावलं, तेव्हा मी म्हणाले होते, "आपल्या घरासारखंच की." त्यातली मी कोणती, हे सांगायचं तिनं सौजन्यानं टाळलं. पुढची चकती आणि मागची सगळ्यांत मोठी, दोन्हींवरून चेन फिरवून, वर थोड्या कड्या जास्तीच्या ठेवून तिनं माप घेतलं होतं. एवढं करूनही खडबडीत रस्त्यावर चेन खडखडायची, एकदा तर उतरलीही, आणि त्याचं कारण हुडकण्यात ती गढून गेली होती.

मला कारण दिसत होतं, कारण मला एकच कारण ठाऊक होतं. एकोणीस वर्षांची मी शहागंजातून कॉलेजला लेडीज सायकलवर जायचे. आई माझी वेणी अशी आवळायची की भुवया वर चढून मी दिवसभर आश्चर्यचकित दिसायचे. सैल वेणी, सैल पदर, सैल जीभ, या तिन्हींची तिला सारखीच धास्ती. तिच्याच संस्कारात वाढलेल्या मी एकदा चेन सारखी उतरते म्हणून खिळा आणि हातोडी घेऊन तिच्यातल्या कड्या काढल्या. चेन इतकी ताठ झाली की पायडल मारताना सायकल कण्हायची, पोटऱ्या भरून यायच्या, आणि ती शहाणी मुलगी समजायची की सन्मार्गावर चालताना असेच पाय दुखत असणार. कॅरिअरवर बसणारी माझी मैत्रीण नसरीन एकदा अर्ध्या वाटेत उतरूनच चालायला लागली. म्हणाली, "अगे, ये सायकल है के सजा?" त्या एकोणीस वर्षांच्या बयेची गाठ पडली तर मी तिचा कान पिळीन, पण अडचण अशी की तिनं अजून घर सोडलेलं नाही, त्या दुपारी गॅलरीत माझ्या हातानं तीच काम करत होती.

कडी काढायचं गार्गीचं हत्यार तिथंच पडलं होतं, आणि ते कसं फिरवतात हे मी चष्म्याच्या वरून पुष्कळदा पाहिलं होतं. दोन कड्या काढल्या. समाधान होईना, म्हणून आणखी दोन. चेन जुळवली, पदराला हात पुसले आणि त्या चार कड्या सुपारीच्या बटव्यात टाकल्या, कारण मी काहीच टाकून देत नाही. संध्याकाळी गार्गीला तिच्या खडखडीचं खरं कारण सापडलं. मागं जो लोंबता हात असतो, डिरेलर, जो चेनला एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो आणि उरलेली चेन ताणून धरतो, त्याला ढिला पडू न देणारा एक छोटा खटका उघडा राहिला होता. तिनं तो लावला, चेन गप्प झाली, आणि ती आनंदानं गॅलरीभर नाचली. तिला वाटलं खटक्यानं झालं. मला वाटलं माझ्यानं झालं, आणि मी मोठ्या मनानं श्रेय तिला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती वेरूळकडे निघाली. पहिल्यांदाच इतक्या लांब, एकटी, स्वतः जुळवलेल्या सायकलवर. सपाटीवर लहान चकत्यांनी भागलं. दौलताबादच्या पुढं घाट लागला, तशी तिनं चेन मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर चढवली. तिथवर पोचायला चेनला जो सैलपणा लागतो, तोच नेमका घरी, माझ्या बटव्यात, लवंगांच्या वासात पडला होता. डिरेलर ताणून ताणून तटकन तुटला आणि पोरगी खडीवर आडवी झाली. सीताफळं भरून निघालेल्या एका टेम्पोनं तिला सायकलीसकट घरी आणलं. कोपर सोललेलं, आणि अंगाला, केसांना, मोडक्या सायकलीलासुद्धा तो घमघमता वास.

"माझंच माप चुकलं," ती म्हणाली. तिचा बाप "म्हणलं नव्हतं?" म्हणाला. मी हळद आणली.

एवढ्यावर एक वाक्य बोलायचं होतं मला, पण जी जीभ सत्तर वर्षं कुणाच्या आवरण्यात आली नाही, ती त्या दिवशी अशी आवळली गेली की आईला धन्य वाटलं असतं. उद्या सांगू, कोपर सुकलं की सांगू, असं करता करता दिवस जात राहिले. गार्गीनं हत्यारं जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली. जेवताना ती बापाच्या नजरेला नजर देईना. मग एका सकाळी तिला फोनवर बोलताना ऐकलं, सायकल विकायची आहे म्हणून. "मला नाय जमत ते," असं ती माझ्या मुलाच्या शब्दांत, माझ्या मुलाच्याच सुरात म्हणाली, आणि माझ्या तोंडातली सुपारी मातीसारखी लागली. डिरेलर मोडला तो घाटात. हे जे रोज थोडं थोडं मोडत होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी शेजारच्या खोलीत माळ ओढत बसले होते.

मी बटवा तिच्या ओंजळीत उलटा केला. सुपारीची खांडं, लवंगा आणि चार काळ्या कड्या. तिनं कड्या निवडून तळहातावर ओळीनं लावल्या, नखानं फिरवून पाहिल्या. तिचा चेहरा मोकळा होताना दिसला, आणि लगेच पुन्हा बंद होतानाही. "केव्हा?" एवढंच तिनं विचारलं. मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, कारण मी चूक सांगते तेव्हा लोक हसतात. ती सवय मीच त्यांना लावली आहे. ती हसली नाही. रात्री मुलालाही मी सगळं सांगितलं, तिच्या समोर, काही गाळलं नाही.

त्या कड्या परत जोडता येत नाहीत म्हणे. नवी चेन आणावी लागली, नवा डिरेलरही. गार्गीनं चादर माळ्यावरून खाली काढली आणि पुन्हा माप घेतलं, या खेपेला दोनदा, आणि जास्तीच्या कड्या ठेवताना तिचा हात क्षणभर थांबला, तशी मी दुसरीकडे पाहिलं. ऊन पुन्हा जाळीतून तिरपं आत आलं होतं. चेन मागून ओघळत, थोडी झुलत, बिनघोर लोंबत होती, आणि इतकी वर्षं ज्याला मी निष्काळजीपणा म्हणत आले, ते चढासाठी राखून ठेवलेलं काही असेल का, हा प्रश्न मला पायडलजवळ उकिडवं बसल्यावर पडला. तिनंच मला तिथं बसवलं होतं. मागचं चाक उचलून धरत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आता मोठ्या चकतीवर चढवतेय, तू पायडल हळू फिरव. आणि आजी, या वेळी काही तुटलं तर लगेच सांग."