चारातला एक मोकळा

मी अक्षरं शिकले ती पाटीवर नाही, पत्रकांवर. बाबा बीरगांवच्या एका कारखान्यात होते आणि ड्युटीवरून आले की पत्रकं लिहायला बसायचे. ठेकेदाराच्या मजुरांना हातमोजे का मिळत नाहीत, पोरींची शाळा मधेच का सुटते, पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानाला एवढी घाई का. गुलाबी, पिवळा, हाताला रंग लागेल असा स्वस्त कागद. विषय कोणताही असो, शेवटची ओळ ठळक अक्षरांत तीच: 'कोणीही रिकामे बसू नका.' ती ओळ मी आजही मानते. रांगेत लोक उभे असताना खिडकीमागे कोणी पाय पसरून बसलेलं दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढला. बारीक अक्षर दिसेनासं झालं. नेमकं तेव्हाच विहारातल्या पोरांनी त्यांना गळ घातली की रविवारच्या बैठकीत तुमचं एक जुनं पत्रक वाचा. मी म्हणाले, मी वाचून दाखवते. बाबा भडकले.

"माह्यं लिखाण मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकू? मले वाचता आलं तर जाईन, नाही तर नाही जात."

"मग कोणतं पाहिजे ते सांगा. मोठ्या अक्षरात काढून देते."

"सगळी वाचल्याशिवाय कसं सांगू?"

सगळी म्हणजे पलंगाखालची लोखंडी पेटी भरून. मी मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढला. आता फोटोतला मजकूर ओळखून टंकलेल्या अक्षरांत आणणारा प्रोग्राम चालवायचा होता, आणि एकामागून एक पान घेतलं असतं तर रविवार उलटून गेला असता. माझ्याकडे लॅपटॉप आहे, पण तो शंकर नगरमधल्या ऑफिसचा. ऑफिसची वस्तू घरच्या कामाला वापरायची नाही, हे तत्त्वही मी पत्रकातूनच उचललंय. आई म्हणाली, "बापानं लिहिलं, लेकीनं खरं मानलं. आता भोगा." म्हणून मी फोटो घेऊन विहाराच्या वाचनालयात गेले. तिथे एकच धड कॉम्प्युटर आहे, आणि तो सगळ्यांचा आहे.

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्ये खरं काम करणारे भाग असतात, त्यांना कोर म्हणतात. जितके कोर, तितकी कामं खरोखर एकाच वेळी चालतात. कोडमधून एका ओळीत मशीनला विचारता येतं: तुझ्याकडे किती आहेत? शुक्रवारी संध्याकाळी मी विचारलं. उत्तर आलं, आठ. मला भरून आलं. आठ हात! मी पानांचे आठ गठ्ठे केले आणि आठही जणांना कामाला लावलं. कोणीही रिकामं नाही.

त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या खिडकीत नर्सिंगची एक मुलगी तिचं लेक्चर ऐकत होती. मी "तुझं चालू दे, माझं मागे चालेल" असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आधी लेक्चर देणाऱ्या बाईंचा आवाज तुटला, मग चेहरा गोठला, मग माउसचा बाण जागेवरच थिजला.

"दीदी," ती मुलगी म्हणाली, "आपकी क्रांति में मेरा माउस शहीद हो गया."

वाचनालय सांभाळणारे काका रेल्वेतून रिटायर झालेले. गाडी कशाने थांबली हे न विचारता ती कोणी थांबवली तेवढं विचारायची त्यांना सवय. त्यांनी सरळ बटण दाबून मशीन बंद केलं. "उद्या अजून एक मौका देतो, पोट्टे. उद्या अटकलं, तर तुह्या बाबाची पत्रकं पेटीतच राहतीन."

घरी जेवताना मी तणतणत सगळं सांगितलं. आठ कोर आहेत, आठांनाही काम दिलं, मग काहून अटकलं? आपल्याकडे पत्रकांच्या घड्या घालायला गल्लीतल्या बायांसकट सगळे बसायचे तेव्हा काही अडायचं का?

आईने पोळी माझ्या ताटात टाकली. "सगळे कुठं बसत होते वं? दार कोण उघडे? चुलीवरचं दूध कोण पाहे? मी एकीले मोकळीच ठेवो."

"कोणाले?"

"पाळीपाळीनं. तुह्या बाबाले मात्र सांगा नाही लागे. ते आपोआपच मोकळे राहत."

"मी लिहत होतो न!" बाबा म्हणाले.

"हव, लिहत होते. चहा मागत मागत."

मी हसले खरी, पण ताटावरून उठेपर्यंत डोक्यात तेच. एक जण मुद्दाम मोकळा ठेवायचा? ही तर साहेबांची व्यवस्था झाली. मग लक्षात आलं की साहेब कायम तोच असतो. इथे पाळी होती, आणि मोकळी बाई दार उघडायची म्हणूनच बाकीच्यांचे हात चालू राहायचे.

शनिवारी मी मशीनला प्रश्न नीट विचारला. तुझे कोर किती असं नाही. खरे, वेगवेगळे कोर किती? उत्तर आलं, चार. पहिलं उत्तर खोटं नव्हतं. प्रत्येक कोर दोन कामं पुढ्यात घेऊ शकतो, म्हणून सिस्टीम त्याला दोन धरते. आमच्या घरीही एकेका बाईपुढे दोन गठ्ठे असायचे. एका गठ्ठ्याच्या घड्या चिकटवायला लावलेली खळ वाळेपर्यंत ती दुसऱ्याच्या घड्या घालायची. म्हणून ती दोन बाया होत नव्हती.

चारातून एक वजा केला, माउस आणि लेक्चर आलं की दार उघडायला. ही वजाबाकी मी कोडातच लिहिली, नुसता 'तीन' असा आकडा लिहिला नाही. उद्या प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर गेला तर त्याने आधी तिथे विचारावं आणि मग काम वाटावं. न विचारता लादलेल्या कामाविरुद्ध बाबांनी इतकी पत्रकं लिहिली, आणि मी एका मशीनलाही विचारू नये? एकच कोर असेल तर वजाबाकीनंतर कोणीच उरत नाही, म्हणून 'किमान एक' हीसुद्धा अट घातली. आईला विचारलं होतं, तू एकटीच असलीस तर काय करायचीस? ती म्हणाली, "मीच घड्या घालो अन् मीच दार उघडो. अजून काय?"

तीन कोर कामाला लागले. काका पाठीमागे हात बांधून उभे होते. नर्सिंगवाल्या मुलीने लेक्चर लावलं, माउस जरा हलवून पाहिला, आणि माझ्याकडे न बघता अंगठा वर केला. वाचनालयाची वेळ संपायच्या आधीच शेवटचं पान निघालं. कुठे काना गळला होता, कुठे अनुस्वार उडाला होता, पण वाचता येत होतं. काकांनी न मागता प्रिंटरमध्ये कागद भरला.

रविवारी सकाळी बाबा खिडकीजवळ बसून मोठ्या अक्षरांची पानं वाचत होते. ओठ हलत होते. मधेच म्हणायचे, "हे मी लिहिलं? बेस लिहिलं." आई पलीकडे भाजी निवडत होती. मी काहीच करत नव्हते आणि मला तिडीकही आली नाही.

बैठकीत त्यांनी हातमोज्यांचं पत्रक निवडलं. स्वतः उभं राहून, पान नाकाशी न नेता वाचलं. शेवटची ओळ आली. "कोणीही रिकामे बसू नका," ते म्हणाले, आणि थांबले. समोर बायांच्या रांगेत आई बसली होती. "म्हणजे," बाबांनी पानात नसलेलं पुढे जोडलं, "बसायचंच असन, तर पाळीपाळीनं बसा."

टाळ्या झाल्या. मग सवयीने सगळ्यांच्या नजरा चहासाठी बायांकडे वळल्या. आई जागची हलली नाही. बाबांनी पानांची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि विहाराच्या मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने आतून हाक आली, "साखर कुठं ठेवता वं तुम्ही?"

"शोधा," आई म्हणाली.