उपग्रह सुटेपर्यंत जागा सोडायची नाही

मंडळी, आज दुपारी बिबवेवाडीला आईकडे बसून दळणवळण उपग्रहाचं उड्डाण टीव्हीवर पाहिलं. बाबा गेल्यानंतरचं हे पहिलंच.

बाबा टेलिफोन खात्यात होते. अनेक घरांत क्रिकेटच्या वेळी असतो, तसा त्यांचा एक नियम होता. रॉकेट उडाल्यापासून उपग्रह वेगळा होईपर्यंत कुणी जागा सोडायची नाही.

मागच्या उड्डाणाच्या वेळी ते छाती चोळत होते. मी पाणी आणायला उठले, तर खेकसले, "बस गं! पाडतेस का त्याला?" मी हसून बसले. उपग्रह नीट सुटला. टाळ्या वाजवत मी वळले, तर बाबांची मान कलली होती.

आज रॉकेट वर चढत असताना आई उठली.

"आई, बस ना!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तू बस," ती म्हणाली. आतून पाण्याचा पेला आणून तिनं बाबांच्या रिकाम्या खुर्चीपाशी ठेवला.

उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचला. टीव्हीवर टाळ्या वाजत होत्या आणि आम्ही दोघी त्या पेल्याकडे बघत होतो.

मी उठल्यानं काही पडणार नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. खरं सांगा, तुम्ही उठला असतात का?