डांबराखालचं मीठ

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला मी माझ्या बाकी बहुतेक लाजिरवाण्या गोष्टी सांगून टाकल्या आहेत. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं मला पुरे आहे.

गोष्ट एका गाडीची आहे. म्हणजे, गाडीची म्हणून सुरुवात करायला बरी.

अरविंद आणि मी सांगलीला एका वर्गात होतो. साठ साली एकाच बोटीने निघालो आणि जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या एकाच कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो. कॉलेजात मी पहिल्या पाचांत, आणि तो कसाबसा सेकंड क्लास. हे इथे सांगायची गरज आहे का? आहे. कारण हे मी स्वतःला रोज सांगत होतो. सकाळी दाढी करताना, बसची वाट बघताना, कॅन्टीनमध्ये तो लांबच्या टेबलावर जर्मन लोकांना हसवताना दिसला की — हा सेकंड क्लासवाला, हा.

वर्षभरात त्याला डिझाइनच्या ऑफिसात घेतलं. टाय, पांढरा कोट, खिडकीजवळची जागा. मला दिली मिठाची खोली. हसू नका, खरंच अशी खोली असते. पत्र्याचे तुकडे एका बंद पेटीत टांगायचे, त्यांच्यावर मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं आणि रोज सकाळी कुठे किती गंज चढला ते वहीत लिहायचं. त्या सुमारास तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकायला जोरात सुरुवात झाली होती. बर्फ वितळायचा, गाड्या सुरळीत चालायच्या आणि तो खारट चिखल उडून गाडीच्या पोटाला जाऊन बसायचा. सांध्यांत, कोपऱ्यांत, जिथे हात पोचत नाही तिथे. मीठ ओल धरून ठेवतं, आणि ओल पत्रा खाते. सबंध कारखान्यात हे माझ्याइतकं बारकाईने कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षं मी दुसरं काही केलंच नाही.

एकसष्टच्या अखेरीस त्याची बायको आली. सुमती वहिनी. बारीकशी, बोलकी. पहिल्याच रविवारी मला जेवायला बोलावलं, ‘भावजी’ म्हणाली, भाकरीचं पीठ कुठे मिळेल म्हणून विचारलं. मी मान खाली घालून तीन वेळा भात वाढून घेतला. आणि परत येताना — अहो, पोट भरलेलं असताना पोटात दुखतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह आणि भिंतीपलीकडे घरमालकिणीचा रेडिओ. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं पोरगी परदेशात पाठवायची नाही म्हणून मोडलेली. याला मात्र सगळं मिळतं. काहीही न मागता मिळतं.

मग बासष्टच्या नोव्हेंबरात त्याने गाडी घेतली. जुनी, राखाडी, दोन दारांची. आणि पहिल्यांदा कुणाला बसवलं? मलाच. मागच्या सीटवर. गुडघे हनुवटीला टेकत होते. पुढे ती दोघं. तो शिट्टी वाजवत चालवतोय, वहिनी बर्फ बघून ‘अहो, ते बघा, अहो, ते बघा’ करतायत. आठवडाभर एका खोलीत कोंडलेली बाई, तिला रविवार म्हणजे सणच. तो तिला दर रविवारी डोंगराकडे न्यायचा आणि दर रविवारी मला हाक मारायचा. ‘वश्या, चल रे, एकटा काय बसतोस?’ तो चांगला होता हो. त्याने मला कधी कमी लेखलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याचा चांगुलपणाच माझ्या डोळ्यांत खुपायचा, त्याला मी काय करू?

गाडीचं त्याला कौतुक नुसतं फिरण्यापुरतं नव्हतं. स्वयंपाकघरात त्याने एक मोठा नकाशा लावला होता. नेकारसुल्म ते कऱ्हाड, लाल पेन्सिलीने ओढलेली रेघ — इस्तंबूल, तेहरान, लाहोर, मग आपलं. कऱ्हाडला त्याची आई एकटी होती, गुडघ्यांनी अधू झालेली. विमानाची, बोटीची तिकिटं आवाक्याबाहेर. दोन-तीन वर्षांत सुट्टी साठवायची आणि गाडी घेऊन थेट आईच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं त्याचं ठरलेलं होतं. लोक तेव्हा जायचे तसे. त्यासाठी गाडी टिकायला हवी होती. आणि मिठापासून गाडी वाचवायची तर कुणाला विचारणार? मलाच की.

संक्रांतीला त्याच्याकडे पाच-सहा मराठी मंडळी जमली होती. कुणी स्टुटगार्टहून, कुणी हायडेलबर्गहून. वहिनींनी पार्सलने आलेल्या तिळाचे लाडू केले होते. अरविंदने माझी ओळख करून दिली — खांद्यावर हात टाकून, प्रेमाने — ‘हा आमचा मीठवाला.’ सगळे हसले. वहिनीही हसल्या. मीही हसलो. मग तो म्हणाला, ‘येत्या शनिवारी हा माझ्या गाडीच्या बुडाला डांबर लावून देणार आहे. मग दहा वर्षं बघायला नको.’

मी हो म्हणालो.

आता थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाडीच्या बुडाला ते जाड काळं डांबर लावतात, ते कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर लावलं तर पत्रा वाचतो. पण आधी कोमट पाण्याने सगळं मीठ धुवायचं, तारेच्या ब्रशने सांधे घासायचे, शेगडीजवळ रात्रभर सुकवायचं आणि मगच डांबर. मीठ आत राहिलं आणि वरून डांबर बसलं, तर ते मीठ कोंडलं जातं. बाहेरून गाडी काळी, चकचकीत, नव्यासारखी दिसते आणि आतून रोज थोडी थोडी खाल्ली जाते. मी हे पेटीतल्या तुकड्यांवर पाहिलं होतं. स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. न धुता रंगवलेला तुकडा उघड्या तुकड्यापेक्षाही वाईट सडतो — हे वाक्य माझं आहे, माझ्या अहवालातलं.

आमच्या गल्लीत हेर हाउक — हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत — म्हणून म्हातारे होते. त्यांच्या शेडमध्ये खड्डा होता, खाली उतरून गाडीचं पोट बघता येईल असा. ते स्वतःच्या गाडीला जुनं इंजिन ऑइल फासायचे आणि मग शेतातल्या मातीच्या रस्त्यावरून चक्कर मारून यायचे, म्हणजे धूळ चिकटून जाडसर थर बसतो. मी त्यांना मनातून अडाणी समजायचो. त्यांनी शुक्रवारी गाडी आत घ्यायला लावली, शेगडी पेटवून दिली, पाण्याचं पिंप गरम करून ठेवलं. कारखान्यातला जाणकार येणार म्हणून बिचारे खूश होते.

अरविंदला त्या दोन दिवसांसाठी कामानिमित्त स्टुटगार्टला जायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी धुवायला जायचं, रात्रभर सुकू द्यायचं आणि शनिवारी डांबर, असं माझं मीच ठरवून दिलं होतं. शुक्रवारी मी गेलो नाही. खोलीत बसून राहिलो. कंटाळा होता, थंडी होती, नेकार नदीसुद्धा गोठली होती त्या वर्षी — पण हे कारण नव्हे. हे कारण म्हणून मी बरीच वर्षं वापरलं.

शनिवारी दुपारी खड्ड्यात उतरलो. दिवा वर धरला. आणि मला ते दिसलं. दोन्ही बाजूंच्या सांध्यांत पांढरी रेघ, मागच्या चाकांवरच्या खोबणीत मिठाची जाड पोपडी. बोट लावून बघितलं. पाण्याचं पिंप तीन पावलांवर होतं. मी डांबराचा डबा उघडला.

किती वेळ लागला असेल? दोन तास. अगदी मन लावून काम केलं. एक कोपरा सोडला नाही. गाडीच्या दारांखाली उंबऱ्यासारखी पोकळ पट्टी असते, तिच्या बुडाला पाणी निथळायला बारीक भोकं असतात, ती मोकळी ठेवायची असतात — ती मी बोटाने बुजवली. एकेक करून. त्या वेळी मनात काय होतं म्हणता? काही नव्हतं. शांत होतो. संक्रांतीपासून पहिल्यांदा शांत होतो.

हेर हाउक वरून वाकले आणि विचारलं, धुतली होतीस ना? कधी धुतलीस, मला दिसला नाहीस.

‘हो, हो,’ मी जर्मनमध्ये म्हणालो. ‘काल.’

ते ‘गेनाऊ’, म्हणजे बरोबर, असं म्हणाले आणि समाधानाने मान हलवून निघून गेले.

सोमवारी अरविंद आला, खड्ड्यात उतरला आणि गाडीचं ते काळं, तुकतुकीत पोट बघून त्याने मला मिठी मारली. त्याच्या कोटाला डांबर लागलं.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्या घरी जेवत राहिलो. त्यांना मुलगी झाली. अरविंदच्या आईची पत्रं यायची, तो मोठ्याने वाचून दाखवायचा — नात कुणासारखी आहे, नाक कुणाचं घेतलंय, केव्हा आणताय. दर वसंतात मला वाटायचं, खरवडून टाकावं, पुन्हा करावं, काहीही थाप मारावी. दोन दिवसांचं काम. नाही केलं. उलट संधी मिळाली की वाकून बघायचो. काळं, चकचकीत. आत काय चाललंय ते फक्त मला ठाऊक आहे — या गोष्टीची मला गोडी लागली होती. हे सांगायची लाज वाटते, पण तेच खरं आहे. तो काहीही बोलला, कितीही मिरवला, तरी मी मनात म्हणायचो, बोल बाबा, बोल. मधल्या काळात हेर हाउक शेड विकून मुलीकडे गावी राहायला गेले. त्या दिवशी मी सुटकेचा श्वास टाकला.

चौसष्टच्या शरदात त्याची सुट्टी मंजूर झाली. पासष्टच्या वसंतात निघायचं. त्याने मला सरळ विचारलं, ‘वश्या, जाईल ना रे गाडी? पोर असणार आहे बरोबर.’ मी म्हणालो, ‘न जायला काय झालंय?’

तुम्ही विचाराल, तू खरंच त्यांना तशा गाडीतून जाऊ दिलं असतंस? डोंगरातल्या घाटांतून, दीड वर्षांच्या मुलीला घेऊन? मला ‘नाही’ म्हणायला आवडेल. पण मी तेव्हा काहीच केलं नव्हतं, आणि करणार होतो असंही काही नव्हतं.

त्यांना वाचवलं ते सरकारी तपासणीने. दोन वर्षांनी तिथे प्रत्येक गाडी दाखवावी लागते. अरविंदने मला बरोबर नेलं, जाणकार म्हणून. तपासनिसाने खालून दोन-चार ठिकाणी ठोकून बघितलं, मग स्क्रू-ड्रायव्हर लावला. तो चालकाच्या सीटखाली मुठीपर्यंत आत गेला. त्याने डांबर ओढलं तर संत्र्याची साल निघावी तसं निघालं, आणि मागोमाग ओला, तपकिरी भुगा त्याच्या बाहीवर पडला. दोन्ही बाजूंचे उंबरे तसेच. दुरुस्तीत अर्थ नाही, भंगारात द्या, म्हणाला. मीठ आहे हे, हिवाळ्यात फार फिरवता का?

अरविंद म्हणाला, ‘दर रविवारी. बायकोला आवडतं म्हणून.’

आणि मला — आता ऐका, कारण मी इतका वेळ याच्याच भोवती फिरतोय — मला आनंद झाला. त्याचा चेहरा उतरलेला बघून. छातीत काहीतरी हलकं झालं. बसमधून परत येताना तो खिडकीला डोकं टेकून बसला होता आणि मी त्याच्या पाठीवर हात फिरवत होतो. माझ्यासारखा सुखी माणूस त्या बसमध्ये दुसरा नसेल.

दुसरी गाडी घ्यायची तर प्रवासाला काही उरणार नव्हतं. जाणं पुढच्या वर्षावर गेलं. पासष्टच्या मे महिन्यात कऱ्हाडहून तार आली. आई गेली. नात तिने पाहिली नाही, फोटोत पाहिली तेवढीच.

तो माझ्या खांद्यावर रडला. मग रडणं संपल्यावर वहिनींकडे वळून म्हणाला, ‘तुझे रविवार.’ एवढंच. पण ते तेवढ्यावर थांबलं नाही. भाजी खारट झाली, ‘तुझे रविवार.’ मुलगी आजारी पडली, ‘तुझे रविवार.’ पाहुण्यांसमोर हसत हसत, ‘आमच्या हिला बर्फ बघायचा होता ना.’ इतका हसरा माणूस, त्याने घरात त्या एका बाईवर दात धरला. मी त्या टेबलाशी बसायचो. मीच तेवढा तिथे सगळं जाणणारा. त्या मला वाढत होत्या, मी जेवत होतो. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. त्या पुन्हा कधी कुठे फिरायला चला म्हणाल्या नाहीत.

अडुसष्ट साली ती मंडळी कायमची परत निघाली. सामान बांधायला मी गेलो होतो. अरविंद खाली टॅक्सी बघायला गेलेला, मुलगी त्याच्याबरोबर. वहिनी डबे कागदात गुंडाळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही त्या गाडीसाठी एवढं केलंत, तरी माझ्या हौसेने ती गेली. सासूबाईंना नात दिसली नाही ती माझ्यामुळे. मी कऱ्हाडच्या त्या घरात पाय कसा टाकू?’

खोलीत आम्ही दोघंच होतो. अरविंद वर यायला पाच मिनिटं तरी होती. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, ‘जाऊ द्या वहिनी, झालं गेलं. इतकं मनाला लावून घेऊ नका.’ मोठ्या मनाने, माफ केल्यासारखं म्हणालो. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझे आभार मानले.